इंग्रजी वाचलेलं कळतं, मग ऐकलेलं का कळत नाही?

इंग्रजी बातमी वाचली तर सहज समजते. तीच बातमी ऑस्ट्रेलियन निवेदकाच्या तोंडून ऐकली की निम्मे शब्द निसटतात. आपलं इंग्रजीच कच्चं आहे, असं मग वाटू लागतं. पण बरेचदा अडचण शब्दांची नसते, कानाच्या सवयीची असते.

परदेशी शिक्षणासाठी अनेकजण देत असलेल्या आयईएलटीएस परीक्षेत ही अडचण महागात पडू शकते. तिथे ऐकण्याच्या भागात ४० प्रश्न असतात, रेकॉर्डिंग एकदाच ऐकवलं जातं आणि बोलणारे ब्रिटिश, अमेरिकन, ऑस्ट्रेलियन असे वेगवेगळे असू शकतात.

अ‍ॅक्सेंट म्हणजे काय?

अ‍ॅक्सेंट म्हणजे बोलण्याची ढब. ती मनमानी नसते, तिला नियम असतात. वऱ्हाडीत 'डोळा'चा 'डोया' होतो. हे एकदा लक्षात आलं की 'काया' म्हणजे 'काळा' हे वेगळं सांगावं लागत नाही. इंग्रजीचंही तसंच आहे.

कुठे काय बदलतं?

• अमेरिकन: दोन स्वरांमधला 'ट' मऊ होतो. 'वॉटर' हे 'वॉडर'सारखं ऐकू येतं.

• दक्षिण इंग्लंड: पुढे स्वर नसेल तर 'र' गळतो. 'कार'चं 'का' होतं. लंडनच्या बोलीत 'बॉटल'मधला 'ट' चक्क गिळला जातो.

• ऑस्ट्रेलियन: 'ए' हा 'आय'कडे झुकतो. 'टुडे' हे 'टुडाय'सारखं वाटतं.

• न्यूझीलंड: 'पेन' हे 'पिन'च्या जवळ जातं.

• स्कॉटिश: 'र' सहसा गळत नाही, ठसठशीत ऐकू येतो.

'कॅन' की 'कान्ट'?

इथे गफलत झाली तर होकाराचा नकार होतो. अमेरिकन बोलण्यात 'कॅन्ट'मधला शेवटचा 'ट' अनेकदा ऐकूच येत नाही. त्यामुळे 'ट' शोधू नका, जोर ऐका. होकारार्थी वाक्यात हा शब्द सहसा आखडून 'कन' होतो. नकारात तो जोर देऊन, पूर्ण उच्चारला जातो. दक्षिण इंग्लंडमध्ये स्वरच बदलून 'कान्ट' होतो, त्यामुळे तिथे फरक सोपा आहे.

सबटायटल कोणते लावावेत?

होल्गर मिटरर आणि जेम्स मॅक्वीन या संशोधकांनी २००९ साली डच भाषकांवर प्रयोग केला. त्यांना ऑस्ट्रेलियन आणि स्कॉटिश इंग्रजीतले व्हिडिओ दाखवले. इंग्रजी सबटायटल वाचणाऱ्यांना नंतर तो अ‍ॅक्सेंट जास्त चांगला कळला. डच सबटायटल वाचणाऱ्यांना त्या नव्या उच्चारांशी जुळवून घेणं उलट अवघड गेलं. कारण इंग्रजी अक्षरं आवाजाला शब्द जोडून देतात, तर मातृभाषेतली अक्षरं फक्त अर्थ सांगतात.

सराव कसा करावा?

१. एका वेळी एकच अ‍ॅक्सेंट निवडा.
२. दोन मिनिटांची क्लिप सबटायटलशिवाय ऐका आणि कळेल तेवढं लिहा.
३. इंग्रजी सबटायटल लावून पुन्हा ऐका. कोणता आवाज चुकला, ते टिपा.
४. सबटायटल बंद करून तिसऱ्यांदा ऐका.

आणि हो, अ‍ॅक्सेंट समजण्यासाठी तो बोलता यायलाच हवा असं नाही. वऱ्हाडी समजायला तरी वऱ्हाडी बोलावी कुठे लागते?