परदेशी नोंदींतली वसई : एका बंदराची वाटचाल

शेजारच्या सोपाऱ्याने प्राचीन काळीच समुद्रव्यापारात नाव कमावले होते. तो वारसा पुढे वसईने चालवला. सोळाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात पोर्तुगीज लेखक दुआर्ते बार्बोझा याने गुजरातच्या सुलतानाच्या ताब्यातील हे उत्तम बंदर असल्याची नोंद केली. मलबारहून सुपारी, नारळ आणि मसाल्यांनी भरलेली गलबते तेव्हा इथे लागत होती.

२३ डिसेंबर १५३४ रोजी गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने तह करून वसई पोर्तुगीजांना दिली. १५३६ मध्ये किल्ल्याचे काम सुरू झाले आणि पुढे वसई पोर्तुगीजांच्या 'उत्तर प्रांता'ची राजधानी बनली. इथला घडीव दगड गोव्यातील चर्चच्या बांधकामासाठी जाऊ लागला. लाकूड आणि जहाजबांधणीसाठीही वसईची ख्याती झाली. कारभार परक्यांचा असला, तरी बंदर उभे होते ते इथल्या सुतार, पाथरवट, कोळी आणि बागायतदारांच्या कष्टांवर.

१५८३ मध्ये होर्मुझहून कैदी म्हणून गोव्याकडे नेला जाणारा इंग्रज व्यापारी राल्फ फिच याने या भागात धान्य आणि तांदूळ यांचाच व्यापार असल्याचे लिहिले. वसईच्या वैभवामागे भातशेती होती, याची ही परक्याने दिलेली साक्ष होय.

सतराव्या शतकात कसोटीचा काळ आला. पोर्तुगीज आणि इंग्रज राजघराण्यांतल्या १६६१ च्या विवाहकरारात मुंबई इंग्रजांकडे गेली आणि व्यापाराचा ओघ हळूहळू तिकडे वळू लागला. १६७४ मध्ये मस्कतच्या अरबांनी वसईवर उतरून चर्च लुटली. १६९५ मध्ये आलेल्या इटालियन प्रवासी जेमेल्ली कारेरीला रोगाच्या साथीने ओस पडलेला शहराचा भाग दिसला. मात्र तटाबाहेर मैलोन्‌मैल पसरलेल्या आंबा, नारळ आणि उसाच्या बागाही त्याने तितक्याच आवडीने टिपल्या. शहर खचले, वाड्या टिकल्या.

मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी मोठी प्राणहानी सोसून किल्ला जिंकला. १७८० मध्ये इंग्रज सेनापती गॉडर्डने तो घेतला. सालबाईच्या तहानंतर तो मराठ्यांकडे परत आला. ३१ डिसेंबर १८०२ रोजी पेशवे आणि इंग्रज यांच्यात इथे झालेल्या तहाने वसईचे नाव हिंदुस्थानच्या राजकारणात कायमचे कोरले गेले. १८१८ मध्ये पेशवाई संपली आणि काही दशकांतच रेल्वे आल्यावर मालवाहतुकीचे जुने जलमार्ग मागे पडले.

आज किल्ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे. पाचूबंदरच्या कोळ्यांच्या बोटी समुद्रात जातात, वाड्यांतून केळी आणि भाजीपाला पिकतो, आणि २०२४ पासून भाईंदर-वसई रो-रो सेवेने खाडीवरची वाहतूक पुन्हा सुरू झाली आहे. सत्ता बदलत राहिल्या; दर्या आणि माती कसणाऱ्यांनी वसई चालती ठेवली. परदेशी व्यापाऱ्यांच्या नोंदींत ज्यांची नावे आली नाहीत, त्या घराण्यांकडची कागदपत्रे आणि आठवणी जपणे हे आता वसईकरांचे काम आहे.