रब्बी नव्हते, तरी लग्नं लागत होती: बेने इस्राएलांची गोष्ट

वाचणाऱ्यांसाठी आजचा भाग नेहमीप्रमाणे इथे लिहून काढला आहे.

आज विषय लग्नाचा आहे, पण जरा वेगळ्या लग्नाचा. आपल्या गडचिरोली-चंद्रपूरकडे ज्यू लग्न पाहिलेला माणूस सहसा भेटायचा नाही. पण महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला, कोकणात, ही लग्नं शेकडो वर्षं लागत आली. नवरानवरी मराठी बोलणारी, आडनावं पेणकर, रोहेकर, किहीमकर, दिवेकर. या समाजाचं नाव बेने इस्राएल. ज्यूंचे धर्मगुरू म्हणजे रब्बी. मग कोकणात रब्बी कुठून आणायचा?

सरळ उत्तर असं, की आणलाच नाही. आणि त्यावाचून काही अडलंही नाही. अडलं ते पुढे, रब्बींच्याच देशात गेल्यावर.

आधी थोडी पार्श्वभूमी. या समाजात परंपरेने सांगतात, की त्यांच्या पूर्वजांचं गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटलं आणि सात पुरुष, सात बायका वाचल्या. हे कधी घडलं यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पण पुढे ही मंडळी कुलाबा जिल्ह्यातल्या, म्हणजे आजच्या रायगडमधल्या, गावोगावी पसरली. तेलाचे घाणे चालवायची आणि शनिवारी काम बंद ठेवायची, म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणायचे. मुलांची सुंता, शनिवारची सुट्टी, काही सण आणि प्रार्थना एवढं त्यांनी जपलं. ग्रंथ नव्हते, धर्मपीठ नव्हतं.

मग कोचीनहून डेव्हिड राहबी नावाचा ज्यू माणूस आला अशी आठवण सांगितली जाते. त्याने झिराडकर, राजपूरकर आणि शापूरकर या तीन घराण्यांतल्या लोकांना धर्मविधी शिकवले. त्यांना म्हणायचे काजी. शब्द मुसलमानी अमलातला, काम ज्यू समाजाचं. लग्न लावायचं, तंटे मिटवायचे. आता आपण म्हणू, की काजीने लावलेलं लग्न ज्यू धर्मात चालतं का?

चालतं. इथे एक गोष्ट नीट समजून घेऊ. ज्यू धर्मशास्त्रात रब्बी हा शिकलेला, शास्त्र सांगणारा माणूस. लग्न त्याच्या हातून लागलंच पाहिजे असं नाही. नवऱ्याने नवरीला अंगठी किंवा काही मोलाची वस्तू द्यायची, ठरलेले शब्द म्हणायचे आणि ते पाहायला दोन पात्र साक्षीदार हवेत, जे वधूवरांचे नातेवाईक नसतील. केतुबा म्हणजे लग्नाचा करारनामा. त्यात नवऱ्याच्या जबाबदाऱ्या लिहिलेल्या असतात. मग वाइनच्या पेल्यावर सात आशीर्वाद. विधी जाणणारा माणूस हवा तो चूक होऊ नये म्हणून.

आपल्याकडेही हे नवं नाही. आपल्या भागातल्या आदिवासी गावांत समाजाची जाणती माणसं लग्न लावतात. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज काढला, तेव्हा भटजीवाचून लग्न लावून दाखवलं. लग्न खरं कशाने होतं, विधी सांगणाऱ्याने की साक्षीला उभ्या असलेल्या समाजाने, हा प्रश्न महाराष्ट्राला चांगला ओळखीचा आहे.

पुढे बेने इस्राएल मुंबईला आले. सॅम्युअल इझिकेल दिवेकर, लोक त्यांना सामाजी हसाजी म्हणत, ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत होते. टिपू सुलतानाच्या कैदेतून सुटून आल्यावर त्यांनी १७९६ साली मुंबईत मांडवी भागात समाजाचं पहिलं सिनेगॉग बांधलं. लोक त्याला 'जुनी मशीद' म्हणू लागले. १९व्या शतकात कोचीनहून शिक्षक आले. जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी हिब्रू प्रार्थनांची मराठी भाषांतरं केली. १८७५ साली हाईम सॅम्युअल किहीमकरांनी समाजासाठी शाळा काढली. काजीची जागा हळूहळू हझानने घेतली. हझान म्हणजे सिनेगॉगमध्ये प्रार्थना म्हणणारा. तोच केतुबा वाचायचा, तोच आशीर्वाद म्हणायचा. आदल्या दिवसांत मेंदी, मलिद्याचा विधी, त्यात गोड पोहे, खोबरं आणि फळं, एलियाहू हनाबीची म्हणजे प्रेषित एलियाची आठवण. असं लग्न कोकणी घरासारखंही आणि ज्यू घरासारखंही.

रब्बी मुंबईत कधी दिसलेच नाहीत असंही नाही. डॉ. जेरुशा झिराड यांनी १९२५ साली मुंबईत सुधारणावादी ज्यूंची संस्था सुरू केली. तिथे १९५०च्या दशकाच्या अखेरीस ह्यूगो ग्रिन हे तरुण रब्बी काही वर्षं होते. ऑशविट्झमधून वाचलेला माणूस. पण समाजाचं रोजचं चाललं ते हझानवरच.

आता खरा पेच. १९४८ साली इस्राएल देश झाला आणि हजारो बेने इस्राएल तिकडे गेले. तिथे १९५३च्या कायद्याने ज्यूंचं लग्न आणि घटस्फोट रब्बींच्या न्यायालयांकडे गेला. ज्यूंसाठी कोर्ट मॅरेजची सोय देशात नाही. म्हणजे कोकणात ज्याच्यावाचून भागत होतं, त्या रब्बीच्या दारात आता जावंच लागायचं. आणि काही रब्बींनी तिथे दार लावून घेतलं.

त्यांची शंका काय होती? ज्यू शास्त्राप्रमाणे घटस्फोटाचं पत्र रीतसर नसेल आणि बाईने पुन्हा लग्न केलं, तर त्या लग्नातल्या मुलांना इतर ज्यूंशी लग्न करता येत नाही, आणि हा डाग पिढ्यान्‌पिढ्या राहतो. कोकणात धर्मपीठच नव्हतं, मग जुने घटस्फोट रीतसर झाले कशावरून? यावर बाजूने बोलणारे म्हणत, कोकणातल्या शेजाऱ्यांसारखंच या समाजातही घटस्फोट आणि विधवाविवाह फारसे होतच नसत. शंकेला जागा कुठे आहे?

१९६१ साली मुख्य रब्बीमंडळाने लग्नाला परवानगी दिली. पण १९६२च्या सूचनांत अट आली. बेने इस्राएल माणूस दुसऱ्या ज्यूशी लग्न करणार असेल, तर त्याची आई, आजी, पणजी, जमेल तितकं मागे जाऊन तपासा. विचार करा. दुसऱ्या कुठल्या ज्यू समाजाचं नाव घेऊन अशी अट नव्हती. रोह्याच्या, पेणच्या पणजीचं लग्न कसं झालं याचा कागद कुठून आणणार? त्या काळी साक्ष होती ती माणसांची, आणि ती माणसं केव्हाच गेली होती.

१९६४च्या उन्हाळ्यात हे लोक जेरुसलेममध्ये ज्यूइश एजन्सीच्या इमारतीसमोर ठाण मांडून बसले. निदर्शनं झाली, उपोषण झालं. १७ ऑगस्टला इस्राएलच्या संसदेची खास बैठक झाली. पंतप्रधान होते लेव्ही एश्कोल. बेने इस्राएल सर्वार्थाने ज्यू आहेत, असं तिथे जाहीर झालं. महिनाअखेरीस रब्बीमंडळाने सूचनांतून समाजाचं नाव काढलं. आता ज्या कुणाबद्दल शंका असेल त्याची चौकशी करा, एवढंच उरलं. फरक एका नावाचा, पण नवरानवरीला तो फार मोठा होता. संशय माणसावर असू शकतो, अख्ख्या समाजावर नाही.

आणि भारतात? हिंदूंना १९५५चा विवाह कायदा आहे, ख्रिश्चनांना १८७२चा, पारशांना १९३६चा. ज्यूंसाठी तसा वेगळा विवाह कायदा नाही. त्यांचं लग्न आजही रूढीवरच उभं आहे. २०१६ साली महाराष्ट्र सरकारने त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला. समाज आता फार थोडा उरलाय, त्यामुळे विधी जाणणारा हझान शोधायलाही धावपळ होते.

तरी एक लक्षात ठेवा. ज्या लग्नांवर पुढे शंका घेतली गेली, त्याच लग्नांनी हा समाज शेकडो वर्षं ज्यू ठेवला. ते काम कुठल्या पदवीने केलं नाही. गावातल्या काजीने केलं, आणि साक्षीला उभ्या राहिलेल्या त्या दोन माणसांनी.

तुमच्या गावात लग्न कोण लावतं, तो मान कुणाकडे आणि कसा आला, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून ठेवा. कागदावर सहसा ते नसतं. भेटू पुढच्या भागात.