शिष्यांसाठी लेखणी धरणारा शल्यविशारद

अबुल कासिम अल-झहरावी यांचे नाव आपल्याकडे आदराने घेतले जाते. परंतु ‘शस्त्रक्रियेचे जनक’ एवढे सांगून बहुधा आपण थांबतो. ते शिक्षक कसे होते, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. आमच्या मते त्यांचे खरे मोठेपण तेथेच आहे.

दहाव्या शतकात अंदालुसमधील कुर्तुबा, म्हणजे आजच्या स्पेनमधील कॉर्दोबा, हे विद्येचे माहेरघर होते. खलिफा तिसरे अब्दुर रहमान यांनी शहराच्या पश्चिमेस मदिनतुझ्झहरा ही राजनगरी वसविली. तिच्यावरूनच ते ‘झहरावी’ म्हणून ओळखले जाऊ लागले. इ. स. १००० च्या सुमारास त्यांचा ‘अत्-तसरीफ’ हा तीस भागांचा वैद्यकग्रंथ पूर्ण झाला. त्याचा शेवटचा भाग शस्त्रक्रियेवर आहे.

या भागाच्या प्रस्तावनेत ते शिष्यांना ‘माझ्या मुलांनो’ असे संबोधतात आणि आपल्या देशात कुशल शस्त्रवैद्य उरलेला नाही, अशी खंत मांडतात. कारणही स्पष्ट देतात : शरीररचना न शिकताच लोक शस्त्र हाती घेतात. पुढे ते घडलेल्या घटनाच सांगतात. एका अडाणी वैद्याने एका स्त्रीच्या मानेवरील गाठ कापताना धमनी तोडली. ती रक्तस्रावाने तेथेच मरण पावली. दुसऱ्याने एका वृद्धाच्या मूत्राशयातील मोठा खडा काढताना मूत्राशयाचा तुकडाही ओढून काढला. तीन दिवसांत तो वृद्ध गेला. त्या रोग्याकडे झहरावींनाही आधी बोलावले होते. खड्याचा आकार व रोग्याची अवस्था पाहून तो वाचणार नाही, हे त्यांनी ओळखले होते. पैशाच्या लोभापेक्षा सावधगिरी बलवत्तर असू द्या, असे ते शिष्यांना बजावतात. मुलाला डॉक्टर करू इच्छिणाऱ्या पालकांनी ही प्रस्तावना जरूर वाचावी.

याचा अर्थ ते भित्रे होते असा नव्हे. एका दासीने सुरीने स्वतःचा गळा कापून घेतला होता. श्वासनलिकेला छेद गेला होता, जखमेतून हवा येत होती. झहरावींनी ती जखम शिवली. दासी बरी झाली. आवाज तेवढा घोगरा राहिला. श्वासनलिकेला छेद देणे प्राणघातक नाही, हा निष्कर्ष त्यांनी या अनुभवावरून काढला आणि लिहून ठेवला.

शब्दांनी भागणार नाही म्हणून त्यांनी सुमारे दोनशे उपकरणांच्या आकृत्या दिल्या : चिमटे, कात्र्या, करवती, डाग देण्याच्या सळया. समोर गुरू नसलेल्या विद्यार्थ्यालाही लोहाराकडून हत्यार घडवून घेता यावे, अशी ही सोय!

१०१० मध्ये यादवीत मदिनतुझ्झहरा लुटली गेली. १०१३ च्या सुमारास झहरावीही निवर्तले. ग्रंथ मात्र तरला. बाराव्या शतकात तोलेदो येथे क्रेमोनाच्या जेरार्डने शस्त्रक्रियेचा भाग लॅटिनमध्ये आणला; १४९७ साली तो व्हेनिसमध्ये छापला गेला. त्याआधीच, १४६५ मध्ये, अनातोलियातील अमास्याचे शल्यवैद्य शरफुद्दीन साबुंजुओग्लू यांनी त्याच्या आधारे तुर्की ग्रंथ सिद्ध केला आणि उपकरणांच्या जोडीला वैद्य व रोगी यांचीही रंगीत चित्रे काढली.