पुउकोहोला : एका देवस्थानाची कुळकथा

हवाई बेटाच्या वायव्येला, कावाइहाए बंदरावरच्या टेकडीवर पुउकोहोला हे जुने देवस्थान आहे. अशा स्थानाला हवाईत ‘हेइआऊ’ म्हणतात. सुमारे २२४ फूट लांब आणि १०० फूट रुंद असा हा दगडी चौथरा आहे. त्यावर एके काळी लाकडी देवमूर्ती आणि गवताने शाकारलेल्या वास्तू होत्या. आज उरले आहेत ते फक्त दगड.

त्याची उभारणी राजकारणातून झाली. १७८२ पासून बेटाची सत्ता विभागलेली होती आणि सरदार कामेहामेहाचा चुलतभाऊ केओउआ त्याला नमत नव्हता. १७९० मध्ये किलाउएआ ज्वालामुखीच्या उद्रेकात केओउआच्या सैन्याचा एक भाग गारद झाला, तरी तो मागे हटला नाही. कापोउकाही या पुरोहिताने सांगितले की, युद्धदेव कूकाइलिमोकू याचे मोठे देवस्थान बांधले तर सर्व बेटे कामेहामेहाच्या हाती येतील. हे नरबळीचे स्थान होते. ते बांधण्याचा अधिकार फक्त सर्वोच्च सरदाराला असे.

समुद्राने गुळगुळीत केलेले लाव्हाचे दगड, परंपरेनुसार, वीसहून अधिक मैलांवरच्या पोलोलू खोऱ्यातून माणसांच्या रांगेने हातोहात आणले. खुद्द कामेहामेहानेही दगड वाहिले. धाकटा भाऊ केलिइमाइकाइ याला मात्र शिवण्याचीही मनाई होती, कारण विधींसाठी एकाने तरी सोवळ्यात राहणे आवश्यक होते. त्याने दगड उचलला तेव्हा तो काढून घेऊन खोल समुद्रात टाकला, अशी कथा आहे.

१७९१ च्या उन्हाळ्यात बांधकाम पुरे झाले आणि केओउआला आमंत्रण गेले. तो होडीतून किनाऱ्याला लागताच मारला गेला आणि त्याचाच बळी देवापुढे चढला. कामेहामेहाने हे आधीच ठरवले होते का, यावर आजही वाद आहे. १८१० मध्ये कावाइ बेटाच्या राजानेही त्याचे वर्चस्व मान्य केले आणि भविष्यवाणी खरी ठरली.

देवस्थानाला मात्र दीर्घायुष्य लाभले नाही. १८१९ मध्ये कामेहामेहा वारला. काही महिन्यांतच त्याचा मुलगा लिहोलिहो याने, राणी काआहुमानू आणि आई केओपूओलानी यांच्या पुढाकाराने, जुने धार्मिक निर्बंध मोडले. देवळे पाडण्याचे आणि मूर्ती जाळण्याचे हुकूम सुटले. ख्रिस्ती मिशनरी पोहोचले ते त्यानंतर, १८२० मध्ये. जुना धर्म राजघराण्यानेच मोडला होता.

१९७२ मध्ये अमेरिकेने हे राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ ठरवले. खरी परीक्षा १५ ऑक्टोबर २००६ च्या भूकंपात झाली. भिंतींत चुना किंवा माती नाही. दगड एकमेकांवर नुसते वजनाने आणि घर्षणाने टेकलेले. हादऱ्याने काही भाग ढासळला. सिमेंट ओतून तो सांधणे सोपे होते, पण त्याने बांधणीचा स्वभावच बदलला असता. म्हणून पारंपरिक कोरड्या रचाईत तरबेज असलेल्या हवाइयन कारागिरांनी दगड पुन्हा हाताने बसवले. चौथऱ्यावर पर्यटकांना प्रवेश नाही. १९९१ मध्ये, दोनशे वर्षांनी, कामेहामेहा आणि केओउआ यांच्या वंशजांनी येथेच सलोख्याचा विधी केला. तेव्हापासून ऑगस्टमध्ये हा सोहळा होत आला आहे.