१९६३, मेहकर आणि अर्थाचा प्रश्न

मराठीत अस्तित्ववादाचा विषय निघाला की चर्चा १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या भालचंद्र नेमाडे यांच्या 'कोसला'पाशी येते आणि बहुधा तिथेच थांबते. खानदेशातून शिकायला पुण्याला गेलेला पांडुरंग सांगवीकर एकेक गोष्ट हातातून निसटू देत गावी परततो. त्याचे तुटलेपण कामू आणि सार्त्र यांच्या शेजारी ठेवून शिकवण्याची आम्हा अध्यापकांना सवय झाली आहे. त्याच १९६३ साली बुलढाणा जिल्ह्यातील मेहकरच्या एका वकिलाचा 'अभिसार' हा काव्यसंग्रह प्रसिद्ध झाला. अस्तित्ववादाच्या तासाला त्याचे नाव निघत नाही, आणि निघावे असे वरवर पाहता काही कारणही नाही.

ना. घ. देशपांडे (१९०९–२०००) पैनगंगेकाठच्या या तालुक्याच्या गावी वकिली करीत राहिले. जी. एन. जोशी यांनी त्यांची 'शीळ' ध्वनिमुद्रिकेवर गायली आणि भावगीताच्या आरंभकाळातच ती सर्वतोमुखी झाली. तरीही त्या नावाचा पहिला संग्रह निघायला १९५४ साल उजाडले. 'अभिसार'नंतर 'खूणगाठी' (१९८५) यायला तर २२ वर्षे गेली. पुढच्याच वर्षी तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. मेहकरातल्याच पडक्या वास्तूचे नाव घेतलेला 'कंचनीचा महाल' १९९६ साली आला, तेव्हा कवी सत्त्याऐंशीच्या घरात होता. शहरात न जाता, चळवळीत न शिरता, कवितासंग्रहाची अशी वाट पाहणे आजच्या लेखकाला जमेल का, अशी शंका आम्हाला येते. असो.

ना. घं.ना अस्तित्ववादी ठरवण्याचा आमचा इरादा नाही. प्रेमाची आणि रानाची कविता लिहिणाऱ्याला अशी चिठ्ठी डकवणे म्हणजे समीक्षेचा आळसच. परंतु अस्तित्ववादाला तत्त्वज्ञानाबरोबरच उपचाराचाही एक इतिहास आहे आणि तो आपल्या वर्गात क्वचितच येतो. स्वित्झर्लंडमध्ये लुडविग बिन्स्वांगर आणि मेडार्ड बॉस या मनोविकारतज्ज्ञांनी हायडेगरचे तत्त्वज्ञान रुग्णाच्या खाटेजवळ नेले. व्हिएन्नाच्या व्हिक्टर फ्रांकल यांना १९४२ साली थेरेसिएनश्टाटला आणि १९४४ साली आउश्विट्झला नेण्यात आले. सुटका झाल्यावर १९४६ साली त्यांनी छळछावण्यांतील अनुभवांचे पुस्तक प्रसिद्ध केले. पुढे १९८० साली अमेरिकेत अर्विन यालोम यांनी मृत्यू, स्वातंत्र्य, एकाकीपण आणि अर्थशून्यता या चार चिंतांभोवती या उपचारपद्धतीची मांडणी केली.

कामूने १९४२ साली आत्महत्या हाच तत्त्वज्ञानाचा खरा प्रश्न मानला होता. फ्रांकल प्रश्नाची दिशाच फिरवतात. आयुष्याला अर्थ आहे का, हे आपण विचारायचे नसून आयुष्य आपल्याला जे विचारीत असते त्याला आपण उत्तर द्यायचे असते. ते देण्याच्या तीन वाटा ते सांगतात : काही घडवणे, कुणावर प्रेम करणे किंवा काही उत्कटतेने अनुभवणे, आणि अटळ दुःखाकडे पाहण्याची स्वतःची वृत्ती निवडणे. पहिल्या दोन वाटांवर मेहकरचा हा कवी आयुष्यभर चालला, आणि त्यासाठी त्याला व्हिएन्नाची गरज पडली नाही.

तिसरी वाट मात्र निसरडी आहे. फ्रांकल यांनी तिला घातलेली अट त्यांचे चाहते सर्रास विसरतात : दुःख टाळता येण्याजोगे असेल तर त्याचे कारण दूर करणे हेच अर्थपूर्ण कृत्य होय, विनाकारण सोसण्यात शौर्य नाही. बुलढाणा जिल्ह्यात ही अट पुस्तकी राहत नाही. शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर २००६ साली विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी केंद्र सरकारने ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले, त्यांत हा जिल्हा होता. २०१५ मध्ये राज्याने विदर्भ-मराठवाड्यातील चौदा जिल्ह्यांसाठी शेतकरी समुपदेशनाचा 'प्रेरणा प्रकल्प' हाती घेतला. आशा कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन तणावाची लक्षणे विचारायची आणि गरजूंना उपचारापर्यंत पोचवायचे, अशी त्याची रचना. ही कल्पना आम्हाला मोलाची वाटते; पिचलेल्या माणसाचे कुणी दारात बसून ऐकून घेणे ही लहान गोष्ट नव्हे. पण त्याच्या दुःखात सावकाराचे व्याज किती, पडलेला भाव किती आणि आतला काळोख किती, हा हिशेब न करता कुणी त्याला जीवनाचा अर्थ शोधायला सांगू लागला, तर ती फ्रांकल यांच्या नावावर केलेली फसवणूक ठरेल. व्याख्यानांतून आणि प्रेरणादायी पुस्तकांतून ती होताना दिसते.

या अटीसह 'कोसला'कडे परत जाता येते. मनीच्या मृत्यूचा भाग आपण अर्थशून्यतेचा परमोच्च क्षण म्हणून शिकवतो. मनी देवीच्या रोगाने जाते. देवीची लस तेव्हा दीडशे वर्षांहून जुनी होती आणि पुढे सत्तरच्या दशकात त्याच लसीने हा रोग देशातून नाहीसा झाला. पांडुरंगचा तो शोक त्यामुळे केवळ विश्वाच्या असंगतपणावर उठलेला राहत नाही. त्यात टाळता आले असते अशा मरणाचा संताप आहे, आणि वर्गात आम्ही तो आजवर मृत्यूच्या तत्त्वज्ञानात विरघळवून टाकीत आलो आहोत.