उतारा कुणाच्या नावाचा?

सरकारने गरिबाच्या घराची काळजी वाहावी ही कल्पना आपल्याकडे मुंबईत रुजली आणि बराच काळ मुंबईतच राहिली. १८९६ साली प्लेग आला. पाठोपाठ १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. पुढे १९२० नंतरच्या वर्षांत वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाइल रोडला बी. डी. डी. च्या २०७ चाळी उभ्या राहिल्या. प्लेग काही मुंबईपुरता नव्हता. पण लहान गावांतली माणसे तेव्हा शेतांत झोपड्या घालून राहिली आणि साथ ओसरल्यावर आपापल्या पडक्या भिंतींत परतली. त्यांच्यासाठी चाळी कोण बांधणार?

स्वातंत्र्यानंतर १९५२ साली अनुदानाच्या घरांची योजना आली, ती कारखान्यांतील कामगारांकरिता. आमच्या तालुक्याच्या गावी कारखाना म्हणावा तर एक तेलाचा घाणा! शिक्षक-कारकुनांना हात देऊ शकेल अशी योजना १९५४ ची, अल्प उत्पन्न गटाची. वर्षाला ६,००० रुपयांपर्यंत प्राप्ती असणाऱ्यास घराच्या खर्चाच्या ८० टक्के, परंतु ८,००० रुपयांच्या आत, कर्ज मिळावयाचे. उरलेला पाचवा हिस्सा आपला, आणि तारणालाही काही हवे. म्हणजे ज्याच्यापाशी थोडेफार होते त्याचीच सोय झाली. १९४८ च्या कायद्याने आलेले हाऊसिंग बोर्ड जाऊन १९७७ मध्ये म्हाडा आले. तऱ्हा फारशी बदलली नाही.

२०१५ च्या जूनमध्ये प्रधानमंत्री आवास योजना निघाली आणि २०२४ च्या सप्टेंबरपासून तिचा दुसरा टप्पा सुरू झाला. कागदावर तिच्या चार वाटा आहेत. लहान गावात बहुधा एकच चालते : स्वतःच्या जागेवर स्वतः बांधा. वर्षाची मिळकत ३ लाखांच्या आत हवी, देशात कोठेही पक्के घर नको. केंद्राचे दीड लाख आणि राज्याचे एक लाख; तेही बांधकाम चढेल तसे, फोटो काढून, हप्त्याहप्त्याने. घर शक्यतो बाईच्या नावे किंवा जोडनावाने असावे असाही नियम आहे. नियम चांगलाच आहे, पण जागा कुणाच्या नावाची?

मी निवृत्त शिक्षक. अर्ज लिहून घ्यायला माझ्या ओसरीवर माणसे येतात. आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशी गेल्या वर्षी अशाच आल्या. आधार कार्डे, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, पासबुक, प्रतिज्ञापत्र, सारे पिशवीत व्यवस्थित. फक्त मालमत्ता पत्रकावर नाव सासऱ्यांचे, आणि ते वारून तीस वर्षे झालेली.

“गुरुजी, नवरा गेल्यापासून घरपट्टी मी भरते. पावत्या आहेत की सगळ्या!” त्या म्हणाल्या.

घरपट्टीच्या पावतीने मालकी सिद्ध होत नाही, हे त्यांना समजावताना माझी जीभ अडखळली. तीस वर्षे पट्टी घेताना हा प्रश्न कुणाला पडला नव्हता.

सरकारी जागेवरची १ जानेवारी २०११ पूर्वीची अतिक्रमणे नियमित करावयाचा निर्णय राज्याने २०१८ मध्ये घेतला. सरकारी जमिनीवर बसलेल्याला त्यामुळे निदान एक दार उघडले. मावशींची जागा वडिलोपार्जित, खासगी. तिला ते दार नाही. त्यांना आधी वारसनोंद, मग दीर आणि नणंदेचे हक्कसोडपत्र, तेही दुय्यम निबंधकापुढे नोंदवलेले. एवढे झाल्यावर अर्ज नगरपरिषदेच्या यादीत जायचा, यादी प्रकल्प अहवालात, आणि अहवाल मंजुरीला वर.

वारसनोंद झाली आहे. नणंद गावातच असते, ती तयार आहे. दीर सुरतेला यंत्रमागावर. तो वर्षातून एकदा, दिवाळीलाच येतो, आणि नेमकी तेव्हाच कचेरी बंद असते. सुट्ट्या संपून कचेरी उघडेतो त्याला थांबवून घ्यायचे, म्हणून मावशींनी यंदा चकल्यांची भाजणी दुप्पट दळून आणली आहे.