वंशावळ आणि शेत

महाडाहून रायगडाकडे निघालें म्हणजे गांधारीच्या खोऱ्यांत नाते हें गांव लागतें. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजीं येथेंच झाला. देशमुख हें आडनांवच पाहा: परगण्याच्या वसुलाचा जो हुद्दा, त्याचें नांव वंशपरंपरेनें घराण्यास चिकटलें. आडनांवावरून वतन कळतें. शेत कोणतें, तें कळत नाहीं.

वंशावळ मांडली कीं वडिलोपार्जित शेत आपोआप सांपडेल, अशी शहरांत स्थायिक झालेल्या पुष्कळ कोंकणी घराण्यांची समजूत असते. ती आम्हांस खरी वाटत नाहीं. जुनी वंशावळ हा कौतुकाचा कागद नव्हे, तंट्याचा कागद आहे. वतनाचा वाद गोतसभेपुढें गेला म्हणजे वादी-प्रतिवादी आपापल्या करिन्यांत पूर्वजांची मालिका सांगत आणि निवाडा महजरांत नमूद होई. पुढें इनामांच्या चौकशीस १८५२ सालीं कायद्याचें बळ मिळालें, तेव्हां पुनः पिढ्या मोजाव्या लागल्या. म्हणून वंशावळ हातीं आली कीं ती कोणी, कोणत्या वादांत, कोणाविरुद्ध दाखल केली, हें आधीं पाहावें. भाऊबंदांची एखादी शाखा तींत सोयीस्करपणें निर्वंश होते!

कुलाबा व रत्नागिरी जिल्ह्यांतील खोती गांवांत तर गुंता अधिकच. खोतानें सरकारसारा भरावा आणि कुळांकडून भाताचा वांटा घ्यावा. अर्धेली कूळ नांवाप्रमाणें निम्में पीक देई. खोतीचा हा लाभ भाऊबंद आण्या-पैंनीं वांटून घेत. समजा, मूळपुरुषास चार पुत्र. प्रत्येकाचे चार आणे. त्यांतील एकास तीन पुत्र, म्हणजे दरेकी एक आणा चार पै. त्यांतल्याही एकास दोन, म्हणजे आठ आठ पै. हे आठ पै वसुलांतले. बांधावर उभें राहून ते दाखवितां येत नाहींत.

ज्यानें राब भाजला, चिखलणी केली, त्याची वंशावळ मात्र कोणी मागितली नाहीं. त्याचें नांव सांपडलेंच तर खोताच्या वहींत, देण्याच्या रकमेपुढें. खोती नष्ट करण्याचें विधेयक डॉ. आंबेडकरांनीं १७ सप्टेंबर १९३७ रोजीं मुंबई विधिमंडळांत मांडलें. कायदा व्हावयास १९४९ साल उजाडलें. पुढें कूळकायद्यान्वयें १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला आणि कसणारें कूळ मालक मानलें गेलें. आमची जमीन गेली, असें खोतांचे वंशज आजही म्हणतात. आमच्या मतें जी गेली ती बहुधा वसुली होती. कुळांच्या घराण्यांस मात्र सरकारी दफ्तरांत पहिलेंच स्वतःचें पान मिळालें.

तेव्हां शोध मूळपुरुषापासून खालीं न आणतां आजच्या सातबाऱ्यापासून वर न्यावा: एकेक फेरफार मागें मागें वाचीत, हक्कनोंदणीच्या १९०३ सालच्या कायद्यानंतर तयार झालेल्या कागदांपर्यंत. तेथें आणखी एक गोष्ट दिसेल. वंशावळींत लेकींना जागाच नसे. मुलीस वडिलोपार्जित मिळकतींत मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क २००५ च्या दुरुस्तीनें मिळाला. तोंवर वारसांच्या नोंदींत स्त्री येई ती बहुधा कोणाची तरी विधवा म्हणून. तिच्या सासरचें नांव तेथें स्वच्छ लिहिलेलें असतें. ती कोणत्या गांवाहून आली, तें माहेरच्या वंशावळींतही शोधून सांपडत नाहीं.